गिरोकार्ड साडेसहा वर्षं वापरल्यानंतर: पिन पक्का, पण सहीचं काय?

कार्ड ब्लॉक केल्यानंतर तिसऱ्या दिवशी माझ्या खात्यातून २१२ युरो ९५ सेंट गेले. दोन दुकानांत, दोन वेळा, पिन न टाकता. कार्ड बंद झाल्याची वेळ मी स्वतः कागदावर लिहून ठेवली होती, म्हणून सुरुवातीला माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. बंद कार्डावर खरेदी झालीच कशी, याचं उत्तर मला पोलीस चौकीत मिळालं. ते उत्तर जर्मनीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच कळायला हवं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची कराडची. नर्स आहे. मार्च २०१९मध्ये श्टुटगार्टला आले आणि तेव्हापासून इथल्या बँकेचं गिरोकार्ड हे डेबिट कार्ड रोज वापरते. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण यातलं बहुतेक सगळं कोणत्याही जर्मन बँकेच्या कार्डाला लागू पडतं. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकार आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. मुंबई आणि श्टुटगार्ट ही तर १९६८पासूनची भगिनी शहरं. सांगली-साताऱ्याकडचे नंबर आता माझ्या फोनवर वरचेवर दिसतात आणि प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, तिकडचं कार्ड सेफ आहे ना?"

आहे. पण आपण कार्डाची सुरक्षितता जिथे शोधतो, तिथे ती नाही. आणि जिथे कार्ड खरोखर उघडं आहे, तिकडे आपलं लक्षच जात नाही.

आधी हे कार्ड म्हणजे काय ते सांगते. गिरोकार्ड हे जर्मन बँकांचं स्वतःचं डेबिट कार्ड आहे, आपल्याकडे रुपे आहे त्या जातीचं. २००७पासून त्याचं हे नाव आहे, पण वयस्क माणसं अजून 'ईसी-कार्टे'च म्हणतात. ते नाव जुन्या युरोचेकच्या काळातलं. माझ्या वॉर्डातल्या ऐंशीच्या आज्या, "सिस्टर, माझं ईसी-कार्टे कुठे आहे?" असं विचारतात तेव्हा त्यांना हेच कार्ड हवं असतं. पगार ज्या खात्यात येतो त्या खात्याला हे कार्ड जोडलेलं, खर्च केला की पैसे थेट खात्यातून वजा. चार आकडी पिन, चिप, टॅप. मी आले तेव्हा पिन न टाकता २५ युरोपर्यंत टॅप करता यायचं. २०२०च्या वसंतात, कोरोना आला तेव्हा, ही मर्यादा ५० युरो झाली.

कराडला असताना मेडिकलमध्ये कार्ड घासलं की ते पर्समध्ये परत जायच्या आत फोन वाजायचा. अमुक रुपये वजा, शिल्लक इतकी. ऑनलाइन काही घेतलं की ओटीपी. या दोन गोष्टींची इतकी सवय झाली होती की सुरक्षित कार्ड म्हणजे वाजणारा फोन, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. इथे पहिल्यांदा टॅप करून ब्रेड घेतला आणि फोन गप्प. संध्याकाळपर्यंत गप्प. पैसे गेले की नाही हेही कळेना. माझ्या बँकेच्या अॅपमध्ये प्रत्येक व्यवहाराची सूचना मिळण्याची सोय होती, पण ती मुळात बंद होती आणि सेटिंगमध्ये चार पायऱ्या आत होती. मला ती सापडली साडेतीन वर्षांनी, पाकीट गेल्यावर. खातं उघडल्या दिवशी दुसरं काही नाही केलंत तरी चालेल, पण ही सूचना सुरू करा. कार्ड हातात यायच्या आधी करा.

आता टपालपेटी. कार्डाच्या सुरक्षिततेत टपालपेटी कुठून आली, असं वाटेल. पण इथे कार्ड साध्या टपालाने येतं, पिन काही दिवसांनी वेगळ्या पाकिटात येतो, आणि पोस्टमन फ्लॅटचा नंबर बघत नाही. बहुतेक इमारतींना फ्लॅट नंबर नसतातच. पेटीवरचं आडनाव बघून तो पत्र टाकतो. मी पहिले दोन महिने एका जर्मन बाईच्या घरात एक खोली घेऊन राहत होते आणि पेटीवर फक्त त्यांचं नाव होतं. माझं पहिलं कार्ड कुठे गेलं ते आजतागायत कळलेलं नाही. पिनचं पाकीट मात्र आलं, कारण तोपर्यंत त्या बाईंनी माझं आडनाव चिकटपट्टीवर लिहून पेटीला लावलं होतं. सुदैवाने पिनशिवाय फिरणाऱ्या त्या कार्डावर काही झालं नाही आणि बँकेने ते रद्द करून नवं पाठवलं. पण आठवडाभर मी ड्यूटीवरून आले की आधी ती पेटी उघडून बघायचे आणि पोटात गोळा यायचा. पहिल्या पगारातून घरी पाठवायचे पैसे त्याच खात्यात होते.

बाकी कार्ड रोजच्या वापराला उत्तम आहे. सुपरमार्केटच्या काउंटरवर खरेदीबरोबर रोख पैसेही काढता येतात, आणि मी बहुतेक वेळा तसंच करते. दुसऱ्या बँकेच्या एटीएमला चार-पाच युरो शुल्क जातं, ते वाचतं. शिवाय एटीएमच्या खोलीत रात्री एकटीने जावं लागत नाही. जर्मनीत एटीएम स्फोटकं लावून उडवायचे प्रकार खूप झाले. एकट्या २०२२मध्ये अशा ४९६ घटना नोंदल्या गेल्या. त्यामुळे बऱ्याच बँकांनी एटीएमच्या खोल्या रात्री कुलूपबंद ठेवायला सुरुवात केली. रात्रपाळीवाल्यांनी हे लक्षात ठेवून दिवसाउजेडी पैसे काढून ठेवावेत. बेकरी, छोटी उपाहारगृहं, आठवडी बाजार इथे अजूनही रोख लागते.

आता तो प्रसंग.

शनिवार, १ ऑक्टोबर २०२२. कान्स्टाटचा फोल्क्सफेस्ट, म्हणजे श्टुटगार्टची मोठी जत्रा, दोन वर्षांच्या खंडानंतर भरला होता आणि सगळं शहर तिकडे लोटलं होतं. आम्ही वॉर्डातल्या पाच जणी गेलो होतो. परतताना ट्राममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. घरी येऊन किल्लीसाठी बॅगेत हात घातला तर बॅगेची चेन उघडी आणि पाकीट नाही. फोन जॅकेटच्या आतल्या खिशात होता, म्हणून तेवढा वाचला.

इथे या व्यवस्थेचं मनापासून कौतुक करते. जर्मनीत कार्ड बंद करायला एकच नंबर आहे: ११६ ११६. २००५पासून चालू आहे, दिवसरात्र, आणि बहुतेक सगळ्या बँका त्याला जोडलेल्या आहेत. परदेशातून लावायचा असेल तर आधी +४९ लावायचं. आपल्या बँकेचा हेल्पलाइन नंबर शोधत बसायची गरज नाही. मी फोन लावला, माझ्या तेव्हाच्या अडखळत्या जर्मनमध्ये बोलले, आणि पलीकडच्या बाईंनी शांतपणे आयबॅन विचारला. आयबॅन म्हणजे २२ अक्षर-आकड्यांचा खातेक्रमांक. तो छापलेला होता कार्डावर, आणि कार्ड चोराकडे. तो मला पाठ नव्हता. जुनी पगारपत्रिका शोधण्यात दहा मिनिटं गेली. अखेर रात्री १० वाजून २० मिनिटांनी कार्ड बंद झालं. "वेळ लिहून ठेवा," असं त्या बाईंनी दोनदा सांगितलं. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. कार्ड बंद करायला सांगितल्यानंतर जे काही होईल ते बँकेच्या माथी, माझ्या नाही, असा इथला कायदा आहे. ती वेळ हाच आपला पुरावा.

मग अॅप उघडलं. चोराने तेवढ्यात तीन वेळा टॅप केलं होतं: एका किऑस्कवर २३.४०, पेट्रोल पंपाच्या दुकानात ४१.९५, आणखी एका ठिकाणी ३६.८०. एकूण १०२ युरो १५ सेंट. प्रत्येक रक्कम पन्नासच्या आत. पिनशिवायच्या टॅपला एकूण रकमेची किंवा संख्येची मर्यादा असते, १५० युरो किंवा सलग पाच वेळा. त्यानंतर मशीन पिन मागतंच. पिन त्याच्याकडे नव्हता, कारण मी तो कुठेही लिहिलेला नव्हता. आईला फोन केला तर ती म्हणाली, "पैशाचं होईल ते होईल, तू जेवलीस का?" मी जेवले, झोपले. मनात आलं, चला, शंभर युरोवर निभावलं.

रविवारी सुट्टी. सोमवारी ३ ऑक्टोबर, जर्मन एकीकरणाचा राष्ट्रीय दिवस, सगळं बंद. मंगळवार-बुधवार माझी ड्यूटी. कार्ड बंद झालंय, आता पोलिसांकडे सवडीने जाऊ, असा हिशोब केला. तो चुकला. गुरुवारी सकाळी अॅप उघडलं तर दोन नव्या नोंदी: ९४.६० आणि ११८.३५. दोन्ही मंगळवारच्या, दोन वेगवेगळ्या साखळी दुकानांतल्या.

पोलीस चौकीतल्या तरुण अधिकाऱ्याने नोंदी बघितल्या आणि लगेच विचारलं, "कूनो केलंत का?" मला काही कळेना. आदल्याच महिन्यात आपल्याकडे कूनोच्या जंगलात चित्ते आणल्याच्या बातम्या चालल्या होत्या, मला तेवढंच कूनो माहीत होतं. त्याने कागदावर आकृती काढून समजावलं.

इथल्या दुकानांत गिरोकार्डाने पैसे घ्यायच्या दोन पद्धती आहेत. एकात आपण पिन टाकतो. मशीन बँकेला विचारतं, बँक हो म्हणते, व्यवहार होतो. कार्ड बंद असेल तर बँक नाही म्हणते आणि विषय संपतो. दुसऱ्या पद्धतीत दुकान बँकेला काही विचारतच नाही. मशीन कार्डावरून फक्त खातेक्रमांक वाचून घेतं, एक लांब पावती बाहेर येते आणि तिच्यावर आपण सही करतो. ती सही म्हणजे 'माझ्या खात्यातून एवढी रक्कम वळती करून घ्या' असं दुकानाला दिलेलं परवानगीपत्र. दुकान नंतर बँकेकडे ती रक्कम मागतं. याला इथे लास्टश्रिफ्ट म्हणतात, म्हणजे आपल्याकडे हप्ता परस्पर खात्यातून वळता होतो तसं. दुकानाला ही पद्धत स्वस्त पडते म्हणून ती टिकून आहे. कोणती पद्धत वापरायची हे दुकान आणि त्याचं मशीन ठरवतं, आपण नाही. बँकेने बंद केलेलं कार्ड या दुसऱ्या पद्धतीला कळतच नाही, कारण तिथे कार्ड हा नुसता खातेक्रमांक लिहिलेला प्लास्टिकचा तुकडा आहे.

ही दुसरी वाट बंद करायची तर पोलिसांकडे तक्रार द्यायची. कूनो ही पोलीस आणि दुकानदारांच्या संघटनांनी मिळून चालवलेली यादी आहे. चौकीत तक्रार देताना आपण आयबॅन द्यायचा. पोलीस तो त्या यादीत टाकतात आणि यादीशी जोडलेली दुकानं त्या कार्डावर सही घेणं थांबवतात. पण पुढची गोष्टही महत्त्वाची आहे. प्रत्येक कार्डाला एक क्रमवारीचा आकडा असतो, जर्मनमध्ये 'कार्टेनफोल्गेनुमर'. त्याच खात्यावरचं पहिलं कार्ड की दुसरं, हे त्यावरून ओळखतात. तो आकडा दिला तर नोंद कायमची होते. नाही दिला तर ती थोड्या दिवसांची असते, दहा दिवसांत तो आकडा कळवावा लागतो. माझ्याकडे तो कुठून असणार? अधिकारी म्हणाला, जुनी पावती असेल तर बघा, पावतीवर छापलेला असतो. घरी येऊन कोटाचे खिसे उलटे केले. सप्टेंबरमधली औषधाच्या दुकानाची चुरगळलेली पावती निघाली आणि तिच्यावर तो आकडा होता.

मी शनिवारी रात्री किंवा रविवारी सकाळी चौकीत गेले असते तर मंगळवारच्या त्या दोन खरेद्या बहुधा थांबल्या असत्या. रविवारी चौकी उघडी असते. हे मला तेव्हा माहीत हवं होतं.

आता पैसे परत मिळण्याबद्दल, कारण कार्डाची खरी परीक्षा तिथे होते.

सहीचे २१२.९५ त्याच दिवशी परत आले. ज्या व्यवस्थेने फटका दिला, तिचीच ही चांगली बाजू. लास्टश्रिफ्टने गेलेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत कारण न देता परत मागता येते. अॅपमध्ये त्या नोंदीवर बोट ठेवलं, 'परत करा' निवडलं, झालं. आणि मुळात आपली परवानगीच नसेल, सही आपली नसेल, तर तेरा महिन्यांपर्यंत मुदत आहे. भारतात मी असलं काही वापरलं नव्हतं. परकी नोंद दिसली की घाबरून रांगेत उभं राहायची गरज नाही, हा दिलासा फार मोठा आहे. अर्थात नोंद दिसण्यासाठी खातं बघावं लागतं. मी आता दर रविवारी चहाबरोबर बघते.

दुकानाच्या बाजूने मात्र प्रकरण लगेच मिटलं नाही. सव्वा महिन्याने वसुली कंपनीचं पत्र आलं. ११८.३५ आणि वर त्यांचं शुल्क. सही केलेल्या पावतीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पैसे परत गेले तर बँकेने ग्राहकाचं नाव-पत्ता दुकानाला द्यावा, तिथून माझा पत्ता गेला. पत्र वाचताना हात थरथरत होते. परक्या देशात वसुलीचं पत्र म्हणजे व्हिसापर्यंत विचार जातो. पण मी पोलीस तक्रारीची प्रत, तक्रार क्रमांक आणि 'सही माझी नाही' एवढं एक वाक्य रजिस्टर्ड पत्राने पाठवलं, आणि दोन आठवड्यांत प्रकरण बंद केल्याचं उत्तर आलं. अशा पत्राला घाबरून पैसे भरू नका, आणि ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकून विसरूही नका. उत्तर द्या, लेखी द्या.

टॅपच्या १०२.१५चा अनुभव वेगळा. बँकेने ५२.१५ परत केले आणि ५० युरो 'ग्राहकाचा वाटा' म्हणून कापून घेतले. इथल्या दिवाणी कायद्याच्या कलम ६७५ व्हीमध्ये चोरीला गेलेल्या कार्डाच्या बाबतीत ग्राहकावर ५० युरोपर्यंतची जबाबदारी टाकलेली आहे, हे खरं. पण त्याच कलमाचं चौथं पोटकलम म्हणतं की बँकेने त्या व्यवहाराला कडक ओळख-तपासणी मागितलीच नसेल, तर ग्राहक काही देणं लागत नाही. टॅपला पिन मागितला नव्हता. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका जर्मन सिस्टरच्या मदतीने मी अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं, त्यात फक्त त्या पोटकलमाचा उल्लेख केला. पन्नास युरो परत आले. रक्कम लहान होती, पण रात्रपाळीचे तास मोजणाऱ्या माणसाला ती लहान वाटत नाही. आणि हे पत्र लिहिलं नसतं तर ती गेलीच असती.

एवढं सगळं मला परत मिळालं, त्याचं मुख्य कारण माझा पिन चोराच्या हाती लागला नाही. पिन गेला की चित्र साफ पालटतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं पाकीट त्याच वर्षी गेलं आणि वीस मिनिटांत एटीएममधून ९०० युरो निघाले, योग्य पिन टाकून. तिने जीव तोडून सांगितलं की पिन कुठेच लिहिलेला नव्हता. बँकेने एक सेंटही परत दिला नाही. इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००४मध्ये घेतलेली भूमिका अशी: चोरीनंतर थोड्याच वेळात खरं कार्ड आणि बरोबर पिन वापरून पैसे निघाले, तर सकृद्दर्शनी पिन कार्डाजवळच ठेवलेला होता असं धरता येतं. तसं नव्हतं, दुसरंही काही घडलं असू शकतं, हे ग्राहकाने दाखवायचं. पिन कार्डाजवळ ठेवणं हा अक्षम्य निष्काळजीपणा, आणि तिथे ५० युरोची मर्यादा उरत नाही. ती मुलगी खोटं बोलत नव्हती, हे मला माहीत आहे. बहुधा काउंटरवर पिन टाकताना मागच्याने बघितला आणि मग पाकीट उचललं. पण हे ती कशी दाखवणार? तिला ते नऊशे युरो मिळाले नाहीत आणि त्या वर्षी ती घरी गेली नाही.

म्हणून माझं ऐका, डाव्या हाताने मशीन झाकून पिन टाका. मागे कोणी नसलं तरी. काउंटरवरच्या आजीबाई बघत असल्या तरी. जर्मन माणूस याचा राग मानत नाही, तोही तसंच करतो. पिन फोनमध्ये 'मावशीचा नंबर' म्हणून ठेवायची युक्ती आपल्याकडे फार चालते. चोरांना ती आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

फोनवरून येणारा धोका वेगळा आहे. मागच्या वर्षी रात्रपाळी करून सकाळी झोपले होते आणि फोन आला. स्क्रीनवर चक्क बँकेचाच नंबर. माणूस अतिशय सभ्य जर्मन बोलत होता: तुमच्या कार्डावर परदेशात व्यवहार चालू आहे, तो रद्द करायला आता अॅपमध्ये जी विनंती येईल ती मंजूर करा. आणि खरोखर त्या क्षणी विनंती आली. झोपेत बोट पुढे गेलं होतं. पण स्क्रीनवर 'रद्द' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, रक्कम लिहिलेली होती. फोन ठेवला आणि ११६ ११६ लावला. सप्टेंबर २०१९पासून युरोपात ऑनलाइन व्यवहारांना ही दुहेरी मंजुरी लागते, ती आपल्या ओटीपीची बहीणच. आणि ओटीपीसारखीच तीही आपल्याच हाताने द्यायला लावतात. स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय बोट लावायचं नाही. भाषा कच्ची असेल तर अजिबात लावायचं नाही.

भारतात येताना याच कार्डावर विसंबू नका, हा सुरक्षिततेपेक्षा सोयीचा मुद्दा, पण सांगून ठेवते. पूर्वी गिरोकार्डाच्या कोपऱ्यात मास्टरकार्डच्या मॅस्ट्रो या सेवेचं चिन्ह असायचं आणि त्यावर आपल्याकडच्या एटीएममधून पैसे निघायचे. १ जुलै २०२३पासून मॅस्ट्रोची नवी कार्डं निघणं बंद झालं. आता नव्या कार्डावर व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं डेबिट चिन्ह असेल तरच ते जर्मनीबाहेर चालतं. नुसतं गिरोकार्ड सीमेपलीकडे प्लास्टिकच. मी प्रवासासाठी वेगळ्या खात्याचं व्हिसा डेबिट ठेवते आणि त्या खात्यात लागतील तेवढेच पैसे टाकते. पगाराच्या खात्याचं कार्ड घरी राहतं. आणि उलट बाजूने, भारतातलं डेबिट कार्ड इथे रोज वापरायच्या भानगडीत पडू नका. चलनबदलाचा खर्च वर पडतो, आणि ओटीपी येतो कराडच्या ड्रॉवरमधल्या सिमवर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२०पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. मी ते बंदच ठेवलेत.

पाचपैकी किती, असं विचाराल तर चार. परतफेडीचा कायदा, एकच फोन नंबर, चिप-पिनची मजबुती यांना पूर्ण गुण. एक गुण सहीसाठी कापला. कार्ड बंद करण्याची व्यवस्था इतकी चांगली असताना तिच्या शेजारचं दार उघडं राहावं, आणि ते उघडं आहे हे चोरी झाल्यावर कळावं, हे मला पटत नाही. बंदीचा फोन झाल्यावर प्रत्येक बँकेने ग्राहकाला एका वाक्यात 'आता चौकीत जाऊन कूनो करा' एवढं सांगायला हवं.

गेल्या महिन्यात इस्लामपूरची एक मुलगी आमच्या हॉस्पिटलात रुजू झाली. तिला स्टेशनवरून आणलं, आमटी-भात जेवू घातला, आणि तिच्या खोलीवर सामान टाकायच्या आधी आम्ही दोघींनी खाली जाऊन टपालपेटीवर तिचं आडनाव चिकटवलं. कार्ड आल्यावर पहिली खरेदी दुधाची केली, मुद्दाम पिन टाकून. ती पावती, आयबॅन लिहिलेला कागद आणि ११६ ११६ हा नंबर आता तिच्या कपाटाच्या आतल्या दारावर टाचणीने लावलेला आहे.